गल्लीतली वायर, घरातली भिंत

प्रोजेक्टरला वाहिन्या कळत नाहीत. टीव्हीच्या पोटात ट्यूनर असतो. वायरीतून एकाच वेळी येणाऱ्या वाहिन्यांच्या कल्लोळातून नेमकी एक वेगळी काढायची, हे त्याचं काम. प्रोजेक्टरच्या पोटात सहसा तो नसतो. तिथे एक दिवा असतो, एक भिंग असतं आणि मध्ये उजेडाचं चित्र करणाऱ्या नखाएवढ्या काचा, नाहीतर लाखो सूक्ष्म आरशांची एक चिप. तयार चित्र कुणी आणून हातात दिलं तर तो ते भिंतीएवढं करतो. नाही दिलं तर निळा चौकोन पाडून वाट बघत राहतो. त्यामुळे केबलची काळी, जाड वायर हातात घेऊन प्रोजेक्टरच्या मागे कितीही शोधा, तिच्यासाठी जागा सापडत नाही.

घरी प्रोजेक्टर आणणाऱ्या बहुतेकांची गाठ पहिल्याच संध्याकाळी या अडचणीशी पडते आणि तिथेच केबलचा विषय संपतो. प्रोजेक्टरमध्ये वाय-फाय आहे, सिनेमांची ॲप्स आहेत, मोबाइलवरचं चित्र थेट भिंतीवर टाकता येतं. मग केबल हवीच कशाला, असं सगळे विचारतात. मी प्रोजेक्टर घेतला तोच केबलसाठी. म्हणजे आईसाठी. वयोमानाने तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजला आहे. कडेचं दिसतं, नेमकं जिथे बघायचं तिथलं पुसट होतं. मोतीबिंदूसारखं काढून टाकता येईल असं हे दुखणं नाही. मोठी अक्षरं आणि मोठे चेहरे तेवढे तिच्या वाट्याला उरले आहेत. टीव्हीसमोर ती खुर्ची इतकी पुढे ओढून बसायची की मागच्यांना पडद्याऐवजी तिचा अंबाडाच दिसायचा, आणि तरीही खालच्या पट्टीतली बातमी मला वाचून दाखवायला सांगायची.

आणि तिला केबलच हवी असते. यादी उघडायची, शोधायचं, त्यातून एक उचलायचं, याला ती बघणं मानत नाही. सकाळी सह्याद्रीवर जे लागलं असेल ते, दुपारी मालिका जिथवर आली असेल तिथून, रात्री बातम्या, आणि दिवसभरात अधूनमधून आमच्या सांगलीची स्थानिक वाहिनी. तिच्यावर मंगल कार्यालयांच्या जाहिराती असतात, पाणीपट्टीच्या सूचना असतात, गणपतीतल्या मिरवणुका असतात. पावसाळ्यात खालच्या पट्टीतून आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, ते सरकत असतं. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे गावभागातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. ते चढत होतं तेव्हा वीज जाईपर्यंत आई त्या पट्टीपुढून उठली नव्हती. तेव्हा तिला दिसत होतं. इतकी जवळची बातमी आम्हाला दुसरीकडून कुठूनही मिळत नव्हती.

तर केबल आणि प्रोजेक्टर यांच्यात एक मध्यस्थ लागतो, आणि तो केबल असलेल्या प्रत्येक घरात आधीच बसलेला असतो. सेट टॉप बॉक्स. टीव्हीतला ट्यूनर केव्हाच निवृत्त झाला आहे. वाहिनी वेगळी काढायचं, तिचं कुलूप उघडायचं आणि आकड्यांचं चित्र करायचं काम आता हा बॉक्सच करतो. त्याच्या पाठीवर एका टोकाला गल्लीतून आलेली वायर पेचाने आवळून बसवलेली असते. दुसऱ्या टोकाला एचडीएमआयची चपटी खाच असते, आणि शेजारी तीन गोल भोकं: पिवळ्यातून चित्र, पांढऱ्या आणि लालमधून डावा-उजवा आवाज. गल्ली एका बाजूने आत येते आणि दुसऱ्या बाजूने चित्र होऊन बाहेर पडते. ते चित्र टीव्हीत गेलं काय आणि प्रोजेक्टरमध्ये गेलं काय, बॉक्सला त्याचं सोयरसुतक नसतं. रिमोटही बॉक्सचाच चालतो. आईच्या बोटांना पाठ असलेले वाहिन्यांचे आकडे त्यामुळे जसेच्या तसे राहिले, आणि या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे.

बॉक्स येण्याआधीही लोक वाटा काढतच होते. व्हीसीआरमध्ये ट्यूनर असायचा, म्हणून केबलची वायर आधी व्हीसीआरला द्यायची आणि त्यातून पिवळी-पांढरी-लाल वायर प्रोजेक्टरला. नंतर संगणकाच्या मॉनिटरवर टीव्ही बघण्यासाठी निघालेले छोटे ट्यूनर बॉक्स लोकांनी प्रोजेक्टरला जोडले. ते सगळं जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणावर चालायचं. मग डिजिटलायझेशन आलं: मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, पुणे-नागपूर-नाशिकात २०१३ च्या मार्चअखेर, आणि सांगलीसारख्या शहरांचा नंबर त्यानंतर. त्या वेळी बॉक्स ही सक्ती वाटली होती. महिन्याचे पैसे वाढले, घरोघरी कुरकुर झाली. पण जुन्या पद्धतीत एका वाहिनीला जितकी जागा लागायची तितक्यात आता दहा-बारा मावतात, आणि चित्र ट्यूनर नसलेल्या कुठल्याही पडद्याला देता येतं, हे त्याच बॉक्समुळे शक्य झालं.

आमचे केबलवाले अण्णा बॉक्स बदलायला आले तेव्हा प्रोजेक्टर टेबलावर होता आणि समोरच्या भिंतीवरची कॅलेंडरं, फोटो, घड्याळ असं सगळं मी उतरवून ठेवलं होतं. त्यांनी मोकळ्या भिंतीकडे बघितलं, मग जुन्या बॉक्सकडे.

"ह्यावर लावणार? मग साधा बॉक्स नका ठेवू ताई. चालंल, पण चेहरं फुटत्यात."

चेहरे फुटतात म्हणजे काय, ते त्यांनी जुनाच बॉक्स जोडून दाखवलं. साध्या वाहिनीचं चित्र आडवं ७२० आणि उभं ५७६ ठिपक्यांचं. शंभर इंची चित्र भिंतीवर पाडलं की त्याची रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास जाते, म्हणजे एकेक ठिपका तीन मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. छोट्या टीव्हीवर हे दाणे एकमेकांत मिसळून जातात. भिंतीवर मोजता येतात. त्यातून जागा वाचवण्यासाठी चित्र आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनांत दाबून पाठवलेलं असतं. वृत्तनिवेदिका स्थिर बसलेली असेल तर काही वाटत नाही. पण पळणारी माणसं आली, पाऊस आला, फुलांची उधळण आली की ते इंचभराचे चौकोन सुटे होऊन तरंगू लागतात. एचडी वाहिनीत १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, साध्याच्या पाचपट. तोच चेहरा मग भिंतीवर चेहरा म्हणून उभा राहतो.

२०१९ पासून वाहिन्या निवडून घ्यायची पद्धत सुरू झाली. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांचा मूळ आकार १३० रुपये अधिक जीएसटी ठरला होता, आणि त्या हिशोबात एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांची जागा धरायची. अण्णांनी आईला शेजारी बसवून तिची यादी केली. काय काढायचं ते तिनेच सांगितलं. स्थानिक वाहिनी एचडीत येत नाही. ती आमच्याकडे अजूनही ज्वारीच्या दाण्यांतच दिसते, आणि आईला त्याचं काही नाही. पट्टीतली अक्षरं वीतभर उंच झाली आहेत.

बाकीची जोडणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचं चित्र वाटेत कुणी उतरवून घेऊ नये म्हणून बॉक्स आणि पडदा वायरीतूनच एकमेकांची ओळख पटवतात. खूप जुना प्रोजेक्टर असेल किंवा मध्ये हलका जोड लावला असेल तर ही ओळख पटत नाही आणि भिंत काळी राहते. आणि आवाज प्रोजेक्टरवर सोडू नये, त्याचा स्पीकर नावापुरताच असतो. बॉक्समधून पांढरी-लाल वायर काढून ती थेट साऊंड सिस्टिमला द्यावी. फक्त मग चित्र क्षणभर मागे पडतं, कारण प्रोजेक्टर ते भिंतीवर टाकण्याआधी त्यावर बरंच काम करतो. बॅटचा आवाज आधी आणि चेंडू लागलेला नंतर असं होतं. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ गेमसाठीचा मोड असतो. तो लावला की ही तफावत बरीचशी मिटते.

मला जास्त बोलायचं आहे ते अंधाराबद्दल.

प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. तो फक्त उजेड देऊ शकतो. चित्रात जिथे काळं असायला हवं तिथे तो उजेड अडवतो, आणि मग तिथे दिसते ती भिंत, खोलीत जितका उजेड असेल तितक्या उजेडातली. खोली उजळ असेल तर रात्रीचं आकाश पांढुरकं होतं, विठोबा राखाडी होतो, काळे केस भुरकट दिसतात. म्हणजे चित्रातला काळोख आपण पुरवायचा असतो. पडदे ओढून, दिवे मालवून, दाराखालची फट झाकून, घरातल्या सगळ्यांनी मिळून. आणि चित्र जेवढं मोठं कराल तेवढा हा काळोख जास्त लागतो, कारण पन्नास इंचांचं चित्र शंभर इंचांचं केलं की तोच उजेड चौपट जागेवर पसरावा लागतो.

टीव्हीला घरातल्या माणसांकडून काहीच लागत नाही. तो भर दुपारी चालतो, कुणी बघत नसताना चालतो, पाहुणे आले तरी आवाज कमी करून चालूच राहतो. आमच्याकडेही वर्षानुवर्षं तो असाच चालायचा. प्रोजेक्टर लावायचा म्हणजे आधी विचारावं लागतं: सगळ्यांचं आवरलं का, कुणाला दिवा हवाय का, पोळ्या झाल्या का? दुपारची मालिका आई आता खिडकीवर सतरंजी टाकून बघते, आणि ती टाकायला शेजारच्या काकूंना हाक मारते, कारण एकटीला दांडीपर्यंत हात पुरत नाही. काकू मग मालिका संपेपर्यंत बसतात. त्या गेली कित्येक वर्षं हीच मालिका पलीकडच्या खोलीत, एका भिंतीच्या अंतरावर, एकट्या बघत होत्या.

अंधार करून भिंतीवर चित्र बघायचं, ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शांबरिक खरोलिकेचे खेळ केले. काचांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पुराणातल्या गोष्टी बघायला जमलेली माणसं. मुंबईत सिनेमा यायच्या आधीची ही गोष्ट. एलसीडी प्रोजेक्टर उघडून बघितला तर आत अजूनही तेच तीन जिन्नस आहेत. काचेवरचं चित्र तेवढं हलायला लागलं, आणि ते रंगवणारा हात केबलच्या दुसऱ्या टोकाला, लांब कुठेतरी गेला.

आमच्या लहानपणी गणपतीत रस्त्यावर पांढरं कापड ताणून सोळा एमएमचा सिनेमा दाखवायचे. कापडाच्या दोन्ही अंगांना माणसं बसायची. पलीकडच्यांना सगळं उलटं दिसायचं. नायक डावऱ्या हाताने मारामारी करायचा आणि पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी पडायची, तरी त्या बाजूलाही बसायला जागा मिळायची नाही. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला गल्लीत केबल आली. अण्णांच्या वडिलांनी एका खोलीत व्हीसीआर ठेवून कौलांवरून, गच्च्यांवरून वायरी टाकल्या. रोज दोन सिनेमे, खाली साडीच्या दुकानाची सरकती जाहिरात. १९९१ मध्ये आखाती युद्ध घरात दिसलं, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या, १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी सुरू झालं आणि छतावर तबकड्या बसल्या. रस्त्यावरचं कापड हळूहळू गेलं. ते जाण्याला पुष्कळदा केबललाच जबाबदार धरतात. मला ते पटत नाही. गल्लीने एकत्र बसायचं सोडलं, पण एकत्र बघायचं सोडलं नव्हतं. एका वायरीवर लटकलेली शंभर घरं एकाच वेळी एकच गोष्ट बघत होती. उन्हाळ्याच्या रात्री गल्लीतून चालत गेलं तर एका खिडकीतला संवाद पुढच्या खिडकीत पूर्ण व्हायचा.

हे 'एकाच वेळी' मला फार महत्त्वाचं वाटतं. ॲपवर आपण हवं तेव्हा, हवं ते बघतो, आणि शेजारी वेगळं बघत असतो. ती सोय खरी आहे, मीही वापरते. पण केबलवर जे येतं ते आत्ता येतं आणि सगळ्यांना येतं.

गेल्या आषाढीला आईने विचारलं, महापूजा भिंतीवर दिसेल का? पंढरपूर आमच्यापासून फार लांब नाही. पाय चालत होते तोवर ती वारीत काही टप्पे चालायची, नंतर गाडीने जायची, आणि अलीकडे टीव्हीला नाक लावून बघायची. एकादशीची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमाराला होते. त्या वेळी गल्लीत आमच्या घराइतकाच अंधार होता. पडदेही ओढावे लागले नाहीत. मी बॉक्स सुरू केला. आधी निळा चौकोन, मग एकदम गाभारा. कॅमेरा एका जागी स्थिर होता. दुधाची धार, मग पाण्याची, मग पितांबर नेसवणं, चंदन, तुळशीच्या माळा. चित्र भिंतीच्या तळापासून वरपर्यंत गेलं होतं.

आई थोडा वेळ खुर्चीत बसली. मग उठून भिंतीजवळ गेली. प्रोजेक्टर तिच्या मागे टेबलावर होता, त्यामुळे ती पुढे गेल्याबरोबर तिची सावली मधोमध पडली आणि चित्राचा तेवढा तुकडा तिच्या पाठीवर आला. पांढऱ्या साडीच्या पाठीवर तुळशीची माळ. अंबाड्यावर चंदनाचा पिवळा उजेड. तिला ते कळलं नाही. तिने हात वर करून भिंतीवर, जिथे विटेवरची पावलं होती तिथे, टेकवला, तशी पावलं तिच्या मनगटावर आली. मी "आई, जरा बाजूला हो" म्हणणार होते, कारण मागे काकू आणि त्यांच्या सूनबाई बसल्या होत्या. काकूंनीच मला खूण करून गप्प केलं. बाहेर पलीकडच्या दोन-तीन घरांतूनही तेच मंत्र ऐकू येत होते, त्याच क्षणी, त्याच सुरात.

आणि मग नोव्हेंबरातला तो रविवार. २ नोव्हेंबर २०२५, महिला विश्वचषकाची अंतिम लढत, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. स्मृती मानधना सांगलीची, तेव्हा इथे त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. सामना दुपारी तीनला सुरू व्हायचा होता. माझी भाची सकाळपासून खिडक्या झाकायच्या मागे लागली होती. आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि दुपारी तीनला तिथून येणारं ऊन चादरी-सतरंज्यांना दाद देत नाही. पण तिकडे पाऊस पडत होता. नाणेफेक लांबली, खेळ लांबला, आणि अखेर पाचला सुरू झाला. हॉलमध्ये तोवर अर्धी गल्ली येऊन बसली होती. अण्णाही आले होते. आज कुठून तक्रारीचा फोन येऊ नये म्हणून ते सकाळीच साऱ्या लाइनवरून फिरून आले होते, आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवून बसले होते.

पहिली काही षटकं चित्र फिकं होतं. हिरवळ राखाडी, निळे पोशाख धुतल्यासारखे, चेंडू दिसेना. मागून कुणीतरी म्हणालं, टीव्ही लावा त्यापेक्षा. कुणी उठलं नाही. शेफाली आणि स्मृती खेळत राहिल्या आणि बाहेर ऊन उतरत गेलं. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे भिंतीवर एकेक रंग भरत गेला. आधी पोशाखांचा निळा आला, मग मैदानाचा हिरवा, मग चेंडूची पांढरी रेघ. कुणी हात लावलेला नव्हता, सेटिंग बदललेली नव्हती. सलामीची भागी १०४ धावांची झाली आणि स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा चित्र जवळजवळ पूर्ण उजळलं होतं. तिचा चेहरा भिंतीवर दीड हात उंच होता. ती परत जाताना आई म्हणाली, "दमली गं पोरगी." आईने कुणाचा चेहरा वाचून काही बोलावं, याला बराच काळ लोटला होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शेफालीच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८, धावफलकावर २९८. मग लॉरा वूलफार्टचं शतक, आणि ते होत असताना आमच्या हॉलमध्ये पसरलेली चिंता. अमनजोतने तिचा झेल दोन-तीनदा उडवत अखेर धरला तेव्हा इथे जो ओरडा झाला, त्यात गल्लीतला ओरडा मिसळला, एकाच दमात. मोबाइलवर बघणारे वरच्या मजल्यावरचे दोघे मात्र अर्ध्या मिनिटाने ओरडले. इंटरनेटवरून येणारं थेट प्रक्षेपण केबलच्या मागे पडतं. तुकड्यातुकड्यांनी साठवून मग पुढे पाठवावं लागतं त्याला. त्या दोघांना बिचाऱ्यांना प्रत्येक विकेट आधी आमच्या आवाजातूनच कळत होती. थोड्या वेळाने ते खाली आले आणि दाराशी उभे राहून बघू लागले. मध्यरात्र झाली तेव्हा हरमनप्रीतने मागे पळत शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी जिंकलो. दीप्तीचे पाच बळी. आमच्या भिंतीवर माणसं धावत होती आणि भिंतीसमोर भाची धावत होती, तिच्या अंगावर तिरंगा पडत होता.

केबलची घरं कमी होत चालली आहेत. अण्णांच्या वहीतून दर महिन्याला एखादं नाव गळतं. तरुण मंडळी नव्या घरात केबल घेतच नाहीत. अण्णांनी इंटरनेटच्या जोडण्या द्यायला सुरुवात केली आहे आणि त्यावर त्यांचं घर चालेल, असं दिसतं. पण माझं म्हणणं वायर टिकावी एवढंच नाही. चित्र मोठं करायचं साधन आता सामान्य घराच्या आवाक्यात आलं आहे, आणि ते आपण बहुतेक एकेकट्याचे सिनेमे बघायला वापरतो. गावची पूरपातळी, आषाढीची पूजा, आपल्या गावच्या पोरीचा खेळ, या गोष्टी भिंतीएवढ्या मोठ्या होण्याच्या लायकीच्या आहेत. आणि त्या ज्या वायरीतून येतात ती वायर नुसती जोडायची बाकी असते.

अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा पैसे न्यायला आले. चहा घेताना त्यांनी विचारलं, पुढच्या कोजागरीला हे गच्चीवर करता येईल का? दूध आटवायला आपण सगळे वर असतोच. मी म्हटलं, चंद्राचा उजेड असेल की. मग आम्ही हिशोब केला. पूर्ण चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. प्रोजेक्टर भिंतीवर त्याच्या हजार पटींहून जास्त टाकतो. चंद्राची अडचण नाही. गच्चीतला ट्यूबलाइट तेवढा बंद करायचा.

अडचण वायरीची होती. साधी एचडीएमआय वायर दहा मीटरच्या पुढे गेली की चित्र लुकलुकायला लागतं, आणि आमच्या हॉलमधून गच्ची त्याच्या दुपटीहून लांब. अण्णा हसले. केबलची वायर हवी तितकी लांब नेता येते, आणि तीही न्यायला नको, म्हणाले. साऱ्या बिल्डिंगची लाइन वरूनच खाली उतरते, टाकीच्या शेजारी स्प्लिटर आहे.

"बॉक्स तेवढा वर आणा ताई. वायर वर हायच की. आणि पडद्याला भिंत नको, कापड लावू. पाण्याच्या टाकीच्या अंगाला पण बसत्यात माणसं."